मुखपट्टीनंतरचे दिवस

महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, कोरोनाविषयक सर्व निर्बंध मागे घेतले व मुखपट्टीचा वापर ऐच्छिक केला. राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच झाली होती. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेले एक कठीण पर्व त्या पाडव्याला संपले. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या घटनांना आता काही वर्षे लोटली आहेत. तरीही आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न अजून विचारला जातो : "डॉक्टर, मास्क लावायचा की नाही?" देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आदेश एका दिवसाचा, सवय सावकाशीची

निर्बंध एका आदेशाने उठतात, मनातील भीती मात्र आदेशाने उठत नाही. याचा अनुभव खराडीत ठायी ठायी आला. येथे जुन्या गावातील घरे आहेत, चंदननगरची दाट वस्ती आहे, माहिती-तंत्रज्ञान संकुलांभोवती उभ्या राहिलेल्या उंच इमारती आहेत आणि त्या बांधणाऱ्या मजुरांच्या खोल्याही आहेत. सर्वांचे पूर्वपदावर येणे सारखे नव्हते. मजूर व घरकामाच्या बायका पोटासाठी आधीच बाहेर पडल्या होत्या. संगणकावर काम करणारी तरुण मंडळी टप्प्याटप्प्याने कार्यालयात परतली. सर्वांत मागे राहिले ते वृद्ध. दोन वर्षे घरातच बसल्याने अनेकांच्या पायांतील बळ ओसरले होते, तोल जात होता, आणि उद्वाहनात शेजारी कोणी उभे राहिले तरी त्यांना अवघडल्यासारखे होत होते.

अशा ज्येष्ठांना आम्ही एकच सल्ला देत आलो : रोज थोडे बाहेर पडा आणि ते थोडे हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात इमारतीच्या आवारात दहा मिनिटे, नंतर भाजीच्या दुकानापर्यंत, मग मंदिरापर्यंत. आजारातून उठलेल्यांपैकी काहींना पुढे अनेक महिने थकवा, धाप व विसराळूपणा जाणवत राहिला. त्यांनी जोर करून एका दिवसात जास्त काम केले, तर त्रास वाढतो. श्रम आणि विश्रांती यांची आलटून पालटून आखणी करावी लागते. "मनाचे खेळ आहेत" असे म्हणून कुटुंबीयांनी ही तक्रार उडवून लावू नये, ही आमची विनंती आहे.

मुखपट्टी कोणी व केव्हा लावावी

मुखपट्टी दोन कामे करते. साधी शस्त्रक्रियेची मुखपट्टी मुख्यतः लावणाऱ्याच्या खोकल्या-शिंकेतील तुषार अडवते, म्हणजे तिचा लाभ प्रामुख्याने समोरच्याला होतो. चेहऱ्यावर नीट बसलेली एन-९५ मुखपट्टी हवेतील अतिसूक्ष्म कणांपैकी बहुतांश गाळते, त्यामुळे ती लावणाऱ्याचेही रक्षण करते. मात्र ती सैल असेल, तर कडेने हवा आत येते व उपयोग उणावतो.

यावरून उत्तर सोपे होते. निरोगी माणसाने मोकळ्या हवेत मुखपट्टी लावण्याची गरज नाही. ज्याला सर्दी, ताप वा खोकला आहे, त्याने घरी थांबावे. बाहेर पडणे भागच असेल, तर मुखपट्टी लावावी. कर्करोगावरील औषधोपचार किंवा डायलिसिस सुरू असलेले, तसेच मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी गर्दीत व बंद खोलीत ती जरूर लावावी. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवणे हा बिनखर्चाचा उपायही तितकाच मोलाचा आहे.

मुखपट्टीची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. कमी ऐकू येणारे अनेक जण नकळत ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत असतात. निर्बंधांच्या काळात अशा वृद्धांना औषधाची मात्राही नीट कळेना. म्हणून आता त्यांच्याशी बोलताना आमचे कर्मचारी शक्य तेथे अंतर राखून मुखपट्टी खाली घेतात आणि सूचना मोठ्या अक्षरांत लिहून देतात.

भीतीबरोबर सवयही जाते

पुणेकरांना हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी याच शहरात घेतला. तपासणीसाठी रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतील मुखपट्ट्या संपल्या, शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. पुढे भीती ओसरली आणि तिच्याबरोबर खोकताना तोंड झाकण्याची सवयही गेली. तो विषाणू मात्र गेला नाही. आज तो हंगामी फ्लू म्हणून आपल्यात आहे. कोरोनाच्या बाबतीतही हेच घडू नये, असे आम्हांस वाटते.

याचे सर्वांत मोठे कारण क्षयरोग हे आहे. हा रोगही हवेतूनच पसरतो. देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. न सापडलेला रुग्ण घरातील मुलाबाळांना नकळत रोग देत राहतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

येथे एक खंत नमूद करावीशी वाटते. सर्वांच्या तोंडावर मुखपट्टी होती, तेव्हा क्षयरुग्णाकडे कोणी वळून पाहत नव्हते. आता एकट्यानेच ती लावली, की लोक दूर सरकतात. घरकाम करणारी एखादी भगिनी मग काम जाईल या भयाने मुखपट्टी काढून टाकते, कधी औषधही लपवते. आपण ज्यांच्या घरी, ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. मुखपट्टी लावलेली व्यक्ती आपली काळजी घेत आहे. तिला प्रश्न विचारून अवघडवू नये.

आम्ही काय राखले

निर्बंध उठले, तरी त्या काळातील काही चांगल्या गोष्टी रुग्णालयाने सोडलेल्या नाहीत. खोकला असलेल्या रुग्णांची बसण्याची जागा वेगळी व हवेशीर आहे. दाराशी हात धुण्याची सोय आहे आणि मुखपट्टी मागणाऱ्यास ती विनामूल्य दिली जाते. एक गोष्ट मात्र आम्ही निश्चयाने बदलली. त्या दिवसांत अनेकांना आपल्या माणसाचा शेवटचा हात हाती घेता आला नाही. ते दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून अत्यवस्थ रुग्णाजवळ, आवश्यक ती काळजी घेऊन, घरच्या एका माणसाला बसू द्यावे, असा आमचा प्रयत्न असतो.

२०२२ च्या आषाढीला दोन वर्षांच्या खंडानंतर पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा माणसे माणसांच्या गर्दीत निर्भयपणे मिसळली. तो आनंद टिकावा यासाठी थोडी सावधगिरी व बरीचशी आपुलकी पुरेशी आहे. आपण दिलेल्या देणगीतून आणि वेळेतून हे कार्य चालते.