जिना उतरणारी होडी

होडीला जिना उतरता येतो का? वर्गात असं विचारलं तर तुम्ही खो खो हसाल. पण मुलांनो, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात मी अशा होडीत बसले आहे. आणि तेही भर पावसात!

माझी बहीण तिथे राहते. तिच्या शेजारच्या आजोबांची स्वतःची होडी आहे. एका सकाळी आजोबा, मी आणि बारा वर्षांचे आमचे भाचेबुवा निघालो. होडी कसली, पाण्यावरची आगगाडीची बोगीच! लांबी साठ फूट, रुंदी मात्र जेमतेम सात फूट. तिथले कालवे अरुंद, म्हणून होडीही सडपातळ.

शहराच्या मध्यावरून कालवा उतारावर जातो. पण पाणी उतारावर सोडलं तर धावत सुटणार. म्हणून जागोजागी लॉक बांधलंय. लॉक म्हणजे आपलं कुलूप नव्हे हं! तो एक अरुंद, खोल हौद असतो, दोन्ही टोकांना भक्कम दारं. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि पुढच्या दारातली झडप हँडल फिरवून उचलायची. पाणी खाली निघून जातं, हौदाची पातळी उतरते आणि तिच्याबरोबर होडीही अलगद उतरते. मग पुढचं दार उघडून बाहेर. ना पंप, ना मोटर! अशी ओळीने तेरा लॉक्स. शेवटच्यातून बाहेर पडेपर्यंत होडी सुमारे ८० फूट खाली आलेली असते. फार्मर्स ब्रिज लॉक्स म्हणतात त्यांना. १७८९ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हा काठाने घोडे चालत आणि दोराने होड्या ओढत.

दाराला लांबलचक दांडा असतो. त्याला पाठ टेकवून दार ढकलायचं. पहिल्याच लॉकला भाचेबुवा घाईघाईने भिडले. तोंड लालबुंद झालं, पण दार तसूभरही हलेना. आजोबा नुसते हसले आणि पाण्याकडे बोट दाखवलं. दोन्हीकडची पातळी सारखी व्हायला अजून वीतभर अंतर होतं. ती सारखी झाली आणि तेच दार एका रेट्यात उघडलं!

पाऊस काही थांबेना. चौथ्या लॉकमध्ये आजोबा चष्मा पुसत होते, तेवढ्यात होडी हळूच मागे सरकली. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक उंबरा असतो. तो कुठवर आहे हे कळावं म्हणून काठावर पांढरी खूण केलेली असते. पाणी उतरताना होडीचा मागचा भाग त्या उंबऱ्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली जातो, मागचा वरच राहतो, आणि होडी बुडूही शकते. मी काठावर उभी होते. होडीची शेपटी खुणेच्या मागे गेलेली दिसली आणि मी मराठीतच ओरडले, "अरे, झडप पाड!" भाच्याने झटकन झडप पाडली. पाणी उतरायचं थांबलं. आजोबांनी इंजिन चालू करून होडी पुढे घेतली. माझे पाय नंतर बराच वेळ लटपटत होते.

पुढची काही लॉक्स रेल्वेच्या कमानींखाली आहेत. तिथे कोरड्यात उभं राहून आम्ही चहा प्यायलो. "काय मेला पाऊस!" मी म्हटलं. बहिणीकडून मराठी शिकलेले आजोबा म्हणाले, "पाऊस पाहिजे." मग त्यांनी समजावून सांगितलं. एक होडी एका लॉकमधून उतरली की सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे टँकर असतात ना, तसे दहा! हे शहर उंचावर, जवळ मोठी नदी नाही. म्हणून टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरने १८२०च्या दशकात एजबॅस्टनला तलाव बांधला. त्या साठ्यातलं पाणी कालव्यांना मिळतं. पाऊस नसेल तर तलाव आटेल आणि होड्या जागच्या जागी!

तेरावं लॉक आलं. भाचेबुवांनी दांड्याला पाठ टेकवली, पण ढकललं नाही. टोपीवरून पाणी निथळत होतं, आणि ते हौदाकडे बघत उभे होते.