कर्नल गेला, पण नेटवर्क कार्ड जागंच!

लिनक्सचा कर्नल क्रॅश झाला, की सगळं ठप्प होतं असं वाटतं ना? पण नेटवर्क कार्डला, डिस्क कंट्रोलरला याचा पत्ताच नसतो! प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहायची, म्हणजे डीएमएची, मुभा त्यांना आधीच मिळालेली असते. ते लिहीतच राहतात.

क्रॅश का झाला हे शोधायला 'केडम्प' लगेच दुसरा कर्नल सुरू करतं. हे लिखाण नेमकं त्याच्यावरच पडलं तर? तपासच बोंबलला! म्हणून मशीन सुरू होतानाच त्याच्यासाठी मेमरीचा तुकडा राखून ठेवतात. तो जुना कर्नल कुठल्याच डिव्हाइसला देत नाही. तिथे बसून नवा कर्नल लागतील ती डिव्हाइसेस रीसेट करतो आणि जुन्या मेमरीची नक्कल डिस्कवर उतरवतो.

डीएमएचा टॉपिक ऑप्शनला टाकणार होतात? आता विचार करा!