प्रवेशानंतरचा अर्ज : उशीर झाला असता काय करावे?

महाविद्यालयात प्रवेश मिळाला की शिक्षणाचा प्रश्न मिटला, अशी समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांतून आढळते. वस्तुतः द्रव्याचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. प्राणहितेच्या अलीकडील बेज्जूरसारख्या गावी जून-जुलै हे पेरणीचे दिवस. दुकानाचे भांडवल उधारीत गुंतलेले, आणि नेमकी त्याच वेळी प्रवेशाची धांदल. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘मागाहून पाहू’ म्हणून राहतो. पुढे परीक्षेच्या तोंडावर शुल्काचा तगादा आला म्हणजे गृहस्थ मुकाट्याने जबर व्याजाने रक्कम उचलतो. मुलगी शिकत असेल तर तिचे नाव काढून घेण्यापर्यंत मजल जाते. ही वेळ बहुधा टाळता येते.

आपल्या वाचकांस दर्शनी आणि मुदती हुंडीतील भेद सांगावयास नको. विद्यार्थ्याच्या साहाय्याचेही असेच आहे. काही साहाय्य तारखेशी बांधलेले असते, काहीस तारीखच नसते. उशीर झालेल्याने प्रथम हा भेद ओळखावा.

तारखेशी बांधलेले मुख्य साहाय्य म्हणजे तेलंगणा शासनाची शुल्क-प्रतिपूर्ती. तिचा अर्ज ‘ईपास’ या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. जैन समाज २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाला. तथापि अल्पसंख्याकांसाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीड लाख आणि शहरात दोन लाख आहे. येथे पुष्कळांची गफलत होते. दुकानाची उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे; परंतु आयकराच्या विवरणात एक आकडा आणि तहसिलदाराच्या दाखल्यासाठी दुसरा, असेही चालणार नाही. या अर्जाची मुदत पुष्कळदा वाढविली जाते, म्हणून तारीख उलटली असे ऐकूनच हात टेकू नयेत. महाविद्यालयात जाऊन विचारावे. मात्र वाढीव मुदतीवर विसंबून बसणे हा व्यवहार नव्हे. संगणकावर अर्ज भरला म्हणजे काम संपले असेही नाही. ‘मीसेवा’ केंद्रात अंगठ्याची पडताळणी आणि कागदपत्रे महाविद्यालयाच्या स्वाधीन करणे, ही पुढची कामे राहिली तर अर्ज तेथेच अडतो.

याहून मोठा धोका प्रवेशाच्या रीतीत आहे. पदवी अभ्यासक्रमांसाठी २०१६ पासून ‘दोस्त’ नावाची एकत्रित प्रवेशपद्धती आहे. तिच्या ठराविक फेऱ्या हुकल्यावर उरलेल्या जागांवर थेट प्रवेश मिळतो खरा, परंतु अशा विद्यार्थ्यास शुल्क-प्रतिपूर्ती मिळत नाही. अर्जातला उशीर कदाचित भरून निघतो. प्रवेशातला उशीर या बाबतीत भरून निघत नाही.

मंजुरी मिळाली तरी पैसा लगेच येतो असे समजू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात खाजगी महाविद्यालयांनी थकबाकीसाठी बंद पुकारला होता. शासनाकडून रक्कम येईपर्यंत मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची चाल कोठे कोठे दिसते. तिला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच मनाई केली आहे. हे पालकांनी नम्रपणे पण लेखी कळवावे.

आता ज्यास तारीख नाही असे साहाय्य. बँकेचे शैक्षणिक कर्ज प्रवेशानंतर, दुसऱ्या वर्षीदेखील मागता येते. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि चार लाखांपर्यंत पदरची रक्कमही घालावी लागत नाही. फेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असून अभ्यासक्रम तांत्रिक वा व्यावसायिक आणि संस्था मानांकित असेल, तर शिक्षणाच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. दीड लाखाच्या मर्यादेबाहेर पडणाऱ्या मध्यम दुकानदारास खरा आधार येथे आहे. जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यास फेडीच्या काळात आठ वर्षे व्याजाची वजावटही मिळते. सावकाराच्या व्याजाची अशी वजावट कोण देणार! आपण व्यापारासाठी बँकेत नित्य जातो, आणि मुलाच्या शिक्षणासाठी मात्र जाण्यास संकोचतो, हे नवल आहे.

नदीपलीकडे चंद्रपूर वा नागपूरला मूल पाठविणाऱ्यांनी विशेष जपावे. महाराष्ट्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांस तेथील अधिवासाचा दाखला लागतो. मातृभाषा मराठी आहे एवढ्याने तो मिळत नाही.

राहिले समाजाचे विश्वस्त निधी. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, जैन वसतिगृह निघाले. तेथे राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. अशा निधींच्याही तारखा असतात, पण निर्णय विश्वस्तांच्या हाती असल्याने अवेळी आलेल्या अर्जाचा विचार होऊ शकतो. त्यासोबत प्रवेशपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि शुल्काच्या पावत्या जोडाव्यात. उशीर का झाला ते दोन ओळींत सरळ लिहावे. आणि उत्तर येईपर्यंत हप्त्यांची सवलत मिळावी म्हणून प्राचार्यांकडे स्वतंत्र अर्ज करून, त्याची पोच घेऊन ठेवावी.