छोट्या व्यवसायाची इंटरनेटवरील ओळख : अल्प खर्च, अचूक माहिती

शेतीबाह्य असंघटित क्षेत्रातील व्यवसायांची पाहणी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयातर्फे करण्यात येते. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळातील पाहणीनुसार, बांधकाम क्षेत्र वगळता, देशातील अशा आस्थापनांची संख्या सुमारे ७ कोटी ३४ लक्ष होती व त्यांत १२ कोटींहून अधिक लोक काम करीत होते. यांपैकी इंटरनेटचा वापर करणाऱ्या आस्थापनांचे प्रमाण २६.७ टक्के होते. आदल्या वर्षीच्या पाहणीत ते २१.१ टक्के होते. एका वर्षातील ही वाढ उल्लेखनीय आहे. परंतु इंटरनेट वापरणे आणि इंटरनेटवर सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोबाईलवरून घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदविणारा दुकानदार इंटरनेट वापरतो. मात्र शेजारच्या वसाहतीत नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाने त्याच मोबाईलवर दुकानाचा शोध घेतला, तर तो त्यांना दिसेलच असे नाही.

हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. पूर्वी गिऱ्हाईक शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून दुकान शोधीत असे. आता अनेक शहरांत व निमशहरी भागांत हा प्रश्न प्रथम मोबाईलला विचारला जातो. ज्याची नोंद तेथे नाही, तो व्यावसायिक कितीही कुशल व प्रामाणिक असला तरी निवडीच्या कक्षेतच येत नाही. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर खर्च करून आपले स्थान राखतात. छोट्या व्यावसायिकास ती स्पर्धा परवडणारी नाही आणि बहुतांश बाबतीत तिची आवश्यकताही नाही. त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त व टिकाऊ साधन म्हणजे स्वतःविषयीची अचूक, पूर्ण व सातत्याने अद्ययावत ठेवलेली माहिती आणि त्या माहितीवरील स्वतःची मालकी.

शोधाचाही खर्च असतो

वस्तूची किंमत हाच ग्राहकाचा एकमेव खर्च नसतो. योग्य विक्रेता शोधण्यात जाणारा वेळ, प्रवास व मनस्ताप हाही खर्चच होय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात या शोधखर्चाची मांडणी केली. शोधखर्च अधिक असेल तर एकाच वस्तूचे निरनिराळे भाव एकाच परिसरात टिकून राहतात आणि चांगल्या विक्रेत्यालाही त्याच्या चांगुलपणाचा लाभ मिळत नाही.

याचा उत्तम पडताळा भारतातच मिळाला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा पोहोचली. मासळी घेऊन कोणत्या बंदरावर जावे, हे मच्छीमार समुद्रातूनच ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, किनाऱ्यावरील बाजारांच्या भावांतील तफावत मोठ्या प्रमाणात घटली व न विकल्यामुळे मासळी वाया जाणे जवळपास थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, तर ग्राहकांना द्यावा लागणारा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. मासळी तीच होती, नौकाही त्याच होत्या. बदल झाला तो माहितीत आणि त्याचा लाभ विक्रेता व ग्राहक या दोघांनाही झाला.

नकाशावरील नोंद : पहिली पायरी

स्थानिक व्यवसायांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात ग्राहक व्यवसायाकडे येतो किंवा व्यावसायिक ग्राहकाच्या घरी जातो. दुरुस्तीची दुकाने, शिंपी, खानावळी, दवाखाने, शिकवण्या ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात माल दूरवरच्या ग्राहकाकडे जातो. दोहोंचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिल्या प्रकारासाठी तमिळनाडूतील कोईमतूरचे उदाहरण घेता येईल. पंप व मोटारींच्या उत्पादनासाठी हे शहर प्रसिद्ध आहे. समजा, तेथे मोटार रिवायंडिंगचे एक छोटे दुकान आहे. भर उन्हाळ्यात विहिरीवरील मोटार जळालेला शेतकरी मोबाईलवर शोध घेतो, तेव्हा त्याला नकाशावर तीन-चार दुकाने दिसतात. ही निवड कशी होते? नकाशावर व्यवसायाची नोंद करण्याची गुगलची सुविधा २०१४ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली व २०२१ पासून ती ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखली जाते. ही नोंद विनामूल्य आहे. शोधातील क्रम प्रामुख्याने तीन गोष्टींवरून ठरतो, असे कंपनीने जाहीर केले आहे : शोधलेल्या गोष्टीशी व्यवसायाची समर्पकता, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. पैसे भरून हा क्रम वर आणता येत नाही. जाहिराती वेगळ्या दाखविल्या जातात.

यांपैकी अंतर दुकानदाराच्या हाती नाही. समर्पकता मात्र बव्हंशी त्याच्याच हाती आहे. या दुकानाने आपला प्रकार केवळ ‘विद्युत दुकान’ असा नोंदविला असेल, तर मोटार रिवायंडिंग शोधणाऱ्याला ते दिसण्याची शक्यता कमी. नेमका प्रकार निवडणे, कोणकोणत्या अश्वशक्तीच्या मोटारी दुरुस्त होतात ते लिहिणे, कामाच्या वेळा व साप्ताहिक सुटी अचूक देणे, सणासुदीच्या बदललेल्या वेळा आधी नोंदविणे आणि दुकानाच्या दर्शनी भागाची व प्रत्यक्ष कामाची स्पष्ट छायाचित्रे देणे, एवढ्याने बरेच काही साधते. दुकान उघडे असल्याची नोंद पाहून वीस किलोमीटरवरून आलेल्या शेतकऱ्याला कुलूप दिसले, तर तो गिऱ्हाईक कायमचा तुटतो.

व्यवसायाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सर्व ठिकाणी एकसारखा असणेही महत्त्वाचे आहे. दुकानाच्या पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरे आणि नकाशावर तिसरे असेल, तर ग्राहक गोंधळतो व शोधयंत्रासही या तिन्ही नोंदी एकाच व्यवसायाच्या आहेत हे ओळखणे कठीण जाते. नाव स्थानिक लिपीत व रोमन लिपीत कसे लिहावयाचे, हेही एकदाच ठरवून तसेच कायम ठेवावे. पत्त्याची अडचण आपल्याकडे विशेष आहे. ‘मंदिरामागे, जुन्या टाकीजवळ’ असा पत्ता गावकऱ्याला समजतो, परगावच्या माणसाला नाही. नकाशावरील खूण प्रत्यक्ष दारावर आणून ठेवणे हा त्यावरील तात्काळ उपाय होय. टपाल विभागाने मे २०२५ मध्ये खुली केलेली ‘डिजिपिन’ ही दहा अक्षरांची प्रणाली देशातील सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र ओळख देते. तिचा प्रसार होईल तसा पत्त्याचा हा प्रश्न अधिक सुकर होऊ शकेल.

अभिप्रायांचे मोल

ख्याती हा तिसरा घटक मुख्यतः ग्राहकांच्या अभिप्रायांतून घडतो. मालाची गुणवत्ता विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते. प्रामाणिक अभिप्राय ही विषमता कमी करतात. काम झाल्यावर प्रत्येक ग्राहकास अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्यास काहीच खर्च येत नाही. तक्रारीला शांतपणे व मुद्देसूद उत्तर देणे हेही तितकेच उपयुक्त ठरते. कारण ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढील शंभर ग्राहक वाचतात.

विकत घेतलेले अभिप्राय मात्र टाळलेच पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक असले तरी शासनाची दिशा त्यातून स्पष्ट होते. खोटे अभिप्राय उघडकीस आल्यास संपूर्ण नोंदच स्थगित होण्याचा धोका असतो. शिवाय लहान गावात अशी बाब फार काळ लपून राहत नाही.

भाड्याची जागा आणि स्वतःचे घर

वरील नोंद कितीही उपयुक्त असली तरी ती दुसऱ्याच्या जागेवरील नोंद आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. या नोंदींबरोबर विनामूल्य मिळणारी साधी संकेतस्थळे अनेक छोट्या व्यावसायिकांनी तयार केली होती. गुगलने ती सुविधा मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तोच पत्ता आपल्या पाट्यांवर व पावत्यांवर छापला होता, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. समाजमाध्यमांवरील पानांचीही हीच स्थिती आहे. नियम, दृश्यता व शुल्क यांविषयीचा निर्णय त्या त्या कंपनीचा असतो.

म्हणून स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता घेणे हा थोडा खर्चिक, पण आवश्यक टप्पा होय. ‘.इन’ या भारतीय पत्त्यांची नोंदणी २००५ पासून सर्वांस खुली असून तिचे व्यवस्थापन निक्सी ही संस्था पाहते. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ताही उपलब्ध आहे व मराठीसह अनेक भाषांतील नावे त्यात घेता येतात. अशा पत्त्यावर दुकानाची माहिती, सेवांची यादी, दरांची कल्पना व संपर्क देणारे एक पानही पुरेसे असते. हा पत्ता व्यावसायिकाच्या स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदलेला असावा. तो संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नावे असल्यास, पुढे मतभेद झाल्यावर आपलेच नाव परत मिळविणे दुरापास्त होते. जानेवारी २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲपचे व्यावसायिक रूप ओळखीच्या ग्राहकांशी संपर्क टिकविण्यासाठी उत्तम आहे. परंतु नवा ग्राहक मिळविण्याचे काम ते एकटे करू शकत नाही.

माल दूर जात असेल तर

मध्य प्रदेशातील अशोकनगर जिल्ह्यातील चंदेरी हे हातमागाच्या साड्यांसाठी विख्यात आहे. येथील वस्त्रास २००५ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. तरीही विणकर व ग्राहक यांच्यामधील मध्यस्थांची साखळी आणि यंत्रमागावरील नकला हे प्रश्न उरलेच. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने २०१० च्या सुमारास तेथे ‘चंदेरियाँ’ हा उपक्रम हाती घेतला. संगणकावर नक्षी तयार करण्याचे प्रशिक्षण, नक्षींचा डिजिटल संग्रह व स्वतंत्र विक्री संकेतस्थळ ही त्याची अंगे होत. एकट्या विणकरास न पेलणारा खर्च सामूहिकरीत्या पेलता येतो, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे. साडी हातमागाची आहे हे केवळ सांगण्यापेक्षा मागावरील छायाचित्र, धाग्याचा तपशील व निर्देशनाचे चिन्ह देणे अधिक विश्वासार्ह ठरते.

अशा व्यवसायांसाठी शासनानेही काही दारे उघडली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या जाळ्यावर विक्रेता एका ॲपवर नोंद करून अनेक ॲपवरील ग्राहकांना दिसू शकतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना या जाळ्यावर आणण्यासाठी जून २०२४ मध्ये ‘एमएसएमई टीम’ ही योजना सुरू झाली. ५ लक्ष उद्योगांचे, आणि त्यांपैकी निम्मे महिलांचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची अटही शिथिल झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असलेल्या वस्तुविक्रेत्यास काही अटींवर, जीएसटी नोंदणीविना ई-व्यापार मंचावरून विक्री करता येते. मात्र ती स्वतःच्या राज्यापुरतीच. मंचाचे कमिशन, वेष्टन, वाहतूक व परत येणारा माल यांचा हिशेब मांडल्याखेरीज अशा विक्रीत उतरू नये.

खर्चाचा हिशेब

अल्प खर्च म्हणजे शून्य खर्च नव्हे. येथे पैशापेक्षा वेळ अधिक लागतो व छोट्या व्यावसायिकाचा वेळही मोलाचाच असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम विनामूल्य नोंद व तिची पडताळणी, नंतर अभिप्राय मागण्याची सवय, त्यानंतर स्वतःचा इंटरनेट पत्ता, आणि या तिन्ही गोष्टी स्थिर झाल्यावरच, गरज भासल्यास, मोजकी जाहिरात. नवा ग्राहक आल्यावर ‘आमचा पत्ता कोठे मिळाला?’ एवढे विचारून वहीत नोंद ठेवली, तरी कोणता उपाय फलदायी ठरला हे दोन-तीन महिन्यांत कळून येते. ‘पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगून शुल्क मागणाऱ्या दूरध्वनींपासून सावध राहावे. नकाशावरील क्रमाची हमी कोणीही देऊ शकत नाही. अशा व्यक्तींना परवलीचा शब्द वा मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कदापि देऊ नये.

सार्वजनिक व्यवस्थेची भूमिका

ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानांतर्गत २०१७ ते मार्च २०२४ या काळात सहा कोटींहून अधिक व्यक्तींना प्रशिक्षण देण्यात आले. साक्षरतेची पुढील पायरी म्हणजे तिचा उत्पादक उपयोग. सूक्ष्म उद्योग जुलै २०२० पासून उद्यम नोंदणीसाठी शासनाकडे येतात. त्याच वेळी जिल्हा उद्योग केंद्र वा नागरी सुविधा केंद्राने त्यांची नकाशावरील नोंद, ती व्यावसायिकाच्याच नावे राहील अशी दक्षता घेऊन, करून दिल्यास लक्षावधी व्यवसाय अल्पावधीत दृश्यमान होऊ शकतील. व्यापारी संघ व महिला बचत गट गावातील सर्व दुकानांची पडताळणी वर्षातून एकदा सामूहिकरीत्या करू शकतात.

डिजिटल बाजारपेठ सर्वांस समान संधी देते असे म्हटले जाते. ही समानता आपोआप येत नाही. कोपऱ्यावरचे दुकान आणि बड्या साखळीचे दालन एकाच नकाशावर शेजारी-शेजारी दिसू शकतात, परंतु त्यासाठी त्या दुकानाची नोंद तेथे असावी लागते, ती खरी असावी लागते आणि तिची किल्ली दुकानदाराच्याच हाती असावी लागते.