रेणूचा पत्ता सांगणारे किरण

मोटारीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. म्हणूनच तो धुराच्या नळीतून बाहेर पडण्याआधी त्याचा कार्बन डायॉक्साइड करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोटारीत बसवतात. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला.

त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर ॲल्युमिनिअम आणि सेरिअम या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप आणि त्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचे सूक्ष्म कण. आरशावर वाफ धरते तसे वायूचे रेणू या पृष्ठभागाला चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. पण कोणता रेणू नेमका कुठे बसला, हे ओळखायचे कसे?

मी विद्यार्थ्यांना सांगतो, रेणूला तंबोऱ्याची तार समजा. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अणू सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनाशी जुळणारेच अवरक्त किरण शोषतात. मोकळ्या वायूच्या बाबतीत हे किरण म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये २१४३ लहरी मावतील असे. रेणू ॲल्युमिनिअम ऑक्साइडवर बसला, की तिथल्या धनभाराने तार ताणली जाते आणि आकडा २२०० च्या आसपास चढतो. प्लॅटिनमवर बसला, तर धातूचे इलेक्ट्रॉन त्याचा बंध सैल करतात आणि आकडा २०७० च्या जवळ उतरतो. आकडा वाचला, की रेणूचा पत्ता कळला! अमेरिकेत आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूच्या कणांवरील या वायूचे असे वर्णपट १९५४ मध्येच प्रसिद्ध केले होते.

या पद्धतीने एक महत्त्वाची गोष्ट दिसते. प्लॅटिनम थंड असताना कार्बन मोनॉक्साइड त्याच्या सगळ्या जागा अडवून बसतो आणि ऑक्सिजनला शिरकावच मिळत नाही. तापमान वाढू लागले, की २०७० जवळची खूण फिकी होते आणि २३४९ ला कार्बन डायॉक्साइडची खूण उमटते. शेजारचे सेरिअम ऑक्साइड आपल्याजवळचा ऑक्सिजन देऊन या कामाला हातभार लावते.

तात्पर्य, कन्व्हर्टर तापेपर्यंत विषारी वायू बाहेर पडतच राहतो. तेव्हा नव्या मोटारीचे इंजिनही बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)