क्वेरी चालली, पण उत्तर बरोबर आले का?

टर्मिनलवर साध्या मराठीत ‘कोणती बिले थकली आहेत?’ असे लिहायचे. कमांड-लाइनचे साधन डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना वाचते, ती प्रश्नासोबत भाषा-मॉडेलकडे धाडते आणि तयार एसक्यूएल क्वेरी समोर ठेवते. ही हौस तशी जुनीच. १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएल या भाषेचा पहिला आराखडा मांडला, तोच मुळी प्रोग्रामर नसलेल्यांनाही माहिती काढता यावी म्हणून.

क्वेरीत कंस राहिला तर डेटाबेस तिथेच अडवतो. धास्ती बिनतक्रार चालणाऱ्या क्वेरीची बाळगावी. ‘बिले’ तक्त्यात ५,००० रुपयांचे एक बिल आहे आणि ‘हप्ते’ तक्त्यात त्याच्या तीन नोंदी, असे समजा. दोन्ही तक्ते जोडून बिलांच्या रकमेची बेरीज घेतली, की तेच बिल तीनदा धरले जाते आणि विक्री १५,००० दिसते. दुसरा प्रकार अधिक बेरकी. ज्यांचा क्रमांक हप्त्यांत नाही अशी बिले ‘नॉट इन’ वापरून शोधली आणि एखाद्या हप्त्यात बिल क्रमांकाच्या जागी ‘नल’, म्हणजे कोरी नोंद, असेल, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. थकबाकी शून्य! मालक खूश.

२०२३ च्या ‘बर्ड’ चाचणीत ९५ डेटाबेसांवरच्या प्रश्नांसाठी एसक्यूएल लिहिताना माणसांची अचूकता सुमारे ९३ टक्के भरली, जीपीटी-४ची ५५. मॉडेले तेव्हापासून सुधारली आहेत, हा आक्षेप रास्तच आहे. पण थकबाकी कोणत्या तारखेची, वादातली बिले धरायची की नाही, हे तक्त्यांच्या रचनेत लिहिलेलेच नसते. तिथे हुशार मॉडेलही अंदाजच बांधणार. माणूसही चुकतो, मात्र त्याने काय धरले हे त्याला विचारता येते. यंत्राच्या बाबतीत ती विचारपूस क्वेरी वाचूनच होते, आणि कमांड-लाइनची खरी सोय मला इथेच दिसते: क्वेरी बनवणे आणि चालवणे या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवता येतात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कमांड-लाइनवर ‘-रीडओन्ली’ पर्याय दिला की वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. गणित चुकण्यापासून मात्र तो वाचवत नाही. वाचायचीच तर साधन कशाला, असे कोणी म्हणेल. एसक्यूएल लिहिण्यापेक्षा वाचणे पुष्कळ सोपे असते. शिवाय उत्तर माहीत असलेल्या एकाच बिलावर तीच क्वेरी आधी चालवली, की ५,००० चे १५,००० झालेले लगेच कळते.