माउस दिवाणजींच्याच हातात

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या कापड दुकानांतही बिलाची रीत बदलली. तुमच्या घरच्या दुकानात आता नवं सॉफ्टवेअर येत असेल, तर जुन्या दिवाणजींना सगळी बटणं एकदम शिकवू नका. रोजच्या दोन बिलांपासून सुरुवात करा: हुबळीत विक्री, तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, इचलकरंजीहून खरेदी, तर आयजीएसटी. आधी सरावाच्या नोंदींत चुकू द्या. कर का लागतो ते समजलं, की पुढचे बदलही पेलतात. २२ सप्टेंबर २०२५ला तयार कपड्यांचे दर पुन्हा बदललेच: नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. हिशेब दिवाणजींना येतोच, नवा आहे तो कीबोर्ड. म्हणून शिकवताना घाई झाली, तरी माउस त्यांच्याच हातात राहू द्या.